पाच गावं एका तारेवर

शेवगावहून निघालेली टेलिफोनची तार पाच गावं करत आमच्या गावी येऊन संपायची. पुढे खांबच नव्हते. त्या शेवटच्या गावात मी शाळेवर बाई होते. नोकरी नवी, लग्न व्हायचं होतं, आणि राहायला पोस्टाशेजारची खोली. पोस्ट म्हणजे काकांच्या घराची ओसरी. हे काका माझे कुणी नव्हेत, साऱ्या गावाचेच काका. एरवी ते सकाळी पोस्टमास्तर आणि दुपारी शेतकरी असायचे. पण त्या साली पावसानं सलग पाठ फिरवलेली, शेतात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते दिवसभर पोस्टमास्तरच असायचे आणि भिंतीवरच्या फोनकडे बघत बसायचे.

फोन म्हणजे एक लाकडी पेटी, तिला बाजूनं हँडल. तार एकच असल्यामुळे कुणाचाही फोन आला की पाचही गावांत घंटी वाजायची. कुणासाठी आहे ते कळावं म्हणून प्रत्येक गावाची खूण ठरलेली होती. आमची दोन लांब, एक आखूड. दुसऱ्याची खूण वाजली तर फोन उचलायचा नाही, असा नियम होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता. घंटी कुणाचीही वाजो, पाचही गावं फोन उचलायची.

यात एक अडचण होती. तारेत आवाज असायचा मोजकाच, आणि तो सगळ्यांत वाटला जायचा. पाहुणा वाढला की आमटीत पाणी वाढवतात तसं. एकानं जास्तीचा फोन उचलला की आवाज पातळ व्हायचा, दोघांनी उचलला की आणखी पातळ, आणि सगळे येऊन बसले की शेवटच्या गावात, म्हणजे आमच्याकडे, नुसतं कोमट पाणी यायचं. काका तो फोन कानाला लावून म्हणायचे, "काय तरी चाललंय बघा, पन काय त्ये कळत न्हाई." तरी ठेवायचे नाहीत.

तारेवरची मंडळी मला आवाजानं पाठ झाली होती. पहिल्या गावचा फोन सरपंचांच्या सोप्यात. बोलणं कितीही रंगात आलेलं असो, ते मध्येच विचारायचे, "कोन बोलतंय?" नाव सांगितलं की म्हणायचे, "बरं बरं, चालू द्या." दुसऱ्या गावचा फोन किराणा दुकानात. त्या दुकानदारानं चालू विषयाला कधी हात लावला नाही. कुणी मयताची बातमी सांगत असला तरी हा विचारायचा, "तिकडं पानी पडलं का?" तिसऱ्या गावचा पोस्टमास्तर दुष्काळी कामावर मुकादम होता, तो दिवसभर खडी फोडणाऱ्यांत, त्यामुळे फोन त्याच्या बायकोच्या ताब्यात. ती एक शब्द बोलायची नाही. पण तिच्या कोंबड्या बोलायच्या, त्यामुळे ती ऐकतेय हे साऱ्या तारेला कळायचं. आणि चौथ्या गावचे हवालदार, पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांना शिस्त लागायची. "फालतू मानसांनी लाइन सोडा!" असं ते गरजायचे, आणि ते गरजत असेपर्यंत कामाच्या माणसालाही बोलता यायचं नाही.

हल्ली भाचीनं मला मोबाईलवरच्या तीनचार ग्रुपांत घातलंय. "मावशी, सुरुवातीला गोंधळायला होईल हं," म्हणाली. मी कशाला गोंधळू? हे कोण म्हणून विचारणारे, मरणाच्या बातमीखाली पावसाची चौकशी करणारे, सगळं वाचून गप्प बसणारे, आणि विषयाला धरून बोला असं सांगत सगळ्यांत जास्त बोलणारे, सगळी मंडळी मला ओळखीची निघाली. फक्त कोंबड्या ऐकू येत नाहीत.

तर त्या तारेवर मला एक फोन आला होता. त्याची गोष्ट सांगायची म्हणजे आधी माझ्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल, सांगायला हवं.

आम्ही भिंगारचे. अण्णा नगरच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. आधी माईकवर फुंकर, मग एक "हं", आणि मग तो भरघोस आवाज: "शेवगावमार्गे पैठणला जाणारी गाडी लागलेली आहे. प्रवाशांनी घाई करू नये, गाडी कुणालाही सोडून जाणार नाही." गाडी सोडून जायची, ती गोष्ट वेगळी. पण ऐकणाऱ्याला धीर यायचा. माझ्या नोकरीच्या गावात मी त्या आवाजाची मुलगी आहे हे कळलं तेव्हा लोकांनी मला दोन दिवस नवसाच्या देवीसारखं पाहिलं होतं. नगरला गेलेल्या प्रत्येकाच्या कानात तो आवाज होता.

घरी मात्र अण्णा बोलायचेच नाहीत. दिवसभर बोलणं खर्च करून आलेला माणूस. माझ्या वाट्याला रोज एक वाक्य यायचं, "जेवलीस का?" मी हो म्हणायचे, की ते पानावर बसायचे. बाकीच्या मुलींचे वडील म्हणे त्यांना गोष्टी सांगायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझं एक वाक्य ठरलेलं होतं आणि ते रोज मिळत होतं.

त्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. घसा कापून आवाजाची पेटीच काढून टाकणार होते. तोपर्यंत आवाज बसून खरखरीत झाला होता, पण होता. ऑपरेशन शनिवारी ठरलं. मी शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं निघणार होते, म्हणजे आदल्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ते जे काय बोलतील ते ऐकता आलं असतं. मला काही मोठं नको होतं. "जेवलीस का?" एवढं त्यांच्या तोंडून शेवटचं ऐकायचं होतं.

आणि बुधवारी दुपारी काका वहाणा हातात घेऊन शाळेत आले. माझ्या भावाची तार होती. डॉक्टर परगावी जाणार म्हणून ऑपरेशन उद्या सकाळीच आहे, आज चार वाजता अण्णा फोनवर बोलतील. आमच्या गावातून दिवसाला एकच गाडी सुटायची, मुक्कामाची, ती पहाटे. ती धरून मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. म्हणजे आता राहिला तो फोन.

आमच्याकडे तार यायची तीही फोनवरूनच. शेवगावचा माणूस वाचून दाखवायचा, काका लिहून घ्यायचे. म्हणजे माझी तार माझ्याआधी चार गावांनी ऐकली होती. मी ओसरीवर पोचले तर फोनवर सांत्वन सुरू झालेलं. हवालदार सांगत होते, त्यांच्या पलटणीत एका सुभेदाराचं असंच घशाचं झालं होतं, तो वाचला. सरपंच विचारत होते, "कोन वाचला?"

काकांनी माझं तोंड बघितलं आणि ते फोनच्या पेटीत तोंड घालून म्हणाले, "मंडळी, हात जोडून सांगतो. चार वाजता बाईंचा फोन येनार हाय. उद्यापास्नं त्यांच्या वडलांला बोलता यायचं न्हाई. तवा तेवढा येळ कुनी उचलू नका. पोरीला धड ऐकू तरी येऊ द्या."

सगळे एकदम म्हणाले, व्हय व्हय, बरोबर हाय. तिथे थांबले असते तर मी त्यांना आयुष्यभर दुवा दिला असता.

"पन आमी कुटं उचलतो?" दुकानदार म्हणाला. "आमच्याकडनं कवाच न्हाई. वरच्या गावांचं बघा."

"वरची गावं म्हंजी कोन? नाव घ्या!" हवालदार कडाडले. "आन् नुसतं सांगून भागायचं न्हाई. कुनी उचलतंय का ह्ये बघायला एक मानूस लाइनवर पायजे. चार वाजता मी लाइनवर थांबतो."

"तुमीच का म्हनून?" सरपंच. "पयलं गाव आमचं. आवाज आमच्याकडनं म्होरं जातो. राखन आमी करनार."

यावर बराच वेळ वाद झाला. इतका जोरात की त्या दिवशी त्यांना फोनची गरज नसावी. शेवटी तोडगा निघाला की राखणीला दोघांनीही थांबायचं. म्हणजे कुणी ऐकत नाही ना, हे दोघांनी ऐकत राहायचं. सगळ्यांचं समाधान झालं. फक्त दुकानदाराला शंका आली, "मग ह्या दोघांवर ध्यान कोन ठेवनार?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी आकाशाकडे बघितलं. तिकडून त्या वर्षी काहीच येत नव्हतं.

चार वाजले. ओसरीखाली निम्मं गाव जमलेलं, पण ते बिचारे आपले गप्प. घंटी वाजली, दोन लांब, एक आखूड. मी फोन उचलला. शेवगाव म्हणालं, "पुणं आहे, बोला," आणि मग काही क्षण अगदी स्वच्छ शांतता पडली. त्या शांततेत मला फुंकर ऐकू आली. आणि मग, "हं."

स्टँडवरचंच. आजारी माणसाचं, खरखरीत, पण तेच. माझ्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. मी म्हणाले, "अण्णा, मी बोलतेय. अण्णा, तुम्ही..."

कट्. एक फोन उचलल्याचा आवाज. कट्. कट्. कट्.

अण्णांचा आवाज माझ्या कानातून निघून गेला. विहिरीत पोहरा खाली जाताना दिसतो तसा मला तो लांब जाताना ऐकू येत होता.

"कोन बोलतंय?" सरपंच म्हणाले.

"अवो, बाईंचे वडील बोलत्यात! शांतता!" हवालदार. "कुनी मधी बोलू नका. शांतता राखा! मी काय सांगतो, शांतता!"

"मी शांतच हाय. मी राखनीला हाय." सरपंच.

"आवाज पडलाय. आपल्या दोघांबिगार कुनीतरी हाय लाइनवर. कोन हाय त्यो? फोन ठेवा!"

"मी कवाच ठेवलाय," दुकानदार फोनवर म्हणाला.

मग मी ओरडले. मुलींनी हळू बोलावं अशा घरात वाढलेली मी, साऱ्या गावासमोर ओसरीवर उभी राहून घसा फोडून ओरडले, "फोन ठेवा! सगळ्यांनी फोन ठेवा हो!"

"बाई फोन ठेवा म्हनत्यात," हवालदारांनी पुढे कळवलं.

"ठेवा म्हनत्यात बाई," सरपंचांनी दुजोरा दिला.

"ऐकलं का, ठेवायला सांगत्यात," दुकानदार म्हणाला, आणि आता तारेवर आपण आहोतच तर म्हणून त्यानं विचारून घेतलं, "अन्ना, सकाळची पैठन गाडी आता नगरला कितीला लागती वो?"

या सगळ्यांच्या तळाशी काहीतरी खरखरत होतं. अण्णा बोलत होते. एक शब्द नाही, बरेच बोलत होते. आयुष्यभर मला एक वाक्य देणारा माणूस बोलत होता आणि मला कळत नव्हतं काय ते. मी दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले. तिसऱ्या गावची कोंबडी ओरडली. तिच्यामागे कुणीतरी हुंदका दिला. तो मात्र मला स्वच्छ ऐकू आला. मी परत ओरडले, फोन ठेवा, फोन ठेवा. मी दुसरं काही बोललेच नाही. अण्णांना विचारायचं ठरवलं होतं, या वेळी मीच विचारायचं, तुम्ही जेवलात का म्हणून. ते राहिलंच.

शेवगाव म्हणालं, "तीन मिनिटं झाली."

आणि तेव्हा मात्र तारेवर एकी झाली. सरपंच, हवालदार, दुकानदार तिघेही एकदम शेवगाववर तुटून पडले. पोरगी बापाशी बोलतेय आणि तुम्ही काय मिनिटं मोजता, माणुसकी हाय का न्हाई! इतकी बाजू माझी कुणी कधी घेतली नव्हती. ते भांडत असतानाच लाइन तुटली. आधी अण्णा गेले, मग शेवगाव गेलं, मग एकेक करून गावं गेली. शेवटी काकांनी माझ्या हातातून फोन सोडवून घेतला आणि आकड्याला टांगला. म्हणाले, "बाई, पानी प्या."

मला त्या सगळ्यांचा इतका राग आला होता की उद्या गाडीतून त्यांची गावं लागतील तेव्हा मान फिरवून बसायचं असं मी ठरवलं.

पण पहाटे चौथं गाव आलं आणि हवालदार टोपी घालून रस्त्यावरच उभे. गाडी त्यांनी हात करून थांबवली आणि माझ्या खिडकीशी आले. "बाई, तुमाला काल ऐकू आलं नसंल. आमच्याकडं बरं येत हुतं. वडील म्हनले, धीर सोडायचा न्हाई. शिस्तीत ऱ्हायाचं." आणि त्यांनी मला सलाम केला. मला नव्हे, बहुतेक अण्णांना. मी मान फिरवायची विसरले.

तिसऱ्या गावी एक बाई पदरात काहीतरी झाकून उभी होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण पायाशी कोंबडी होती. तिनं खिडकीतून चार उकडलेली अंडी दिली. म्हणाली, "मला काय ऐकू आलं न्हाई, बाई. माझा बाप गेला तवा मला कळलं बी न्हवतं. म्हनून उचलला मी. उचलायला नको हुता." एवढंच बोलली. त्या तारेवरची ती एकटीच खरं बोलणारी, आणि तिला कधी बोलायचंच नसायचं.

दुसऱ्या गावी दुकानदारानं गूळ-शेंगदाण्याची पुडी दिली आणि सांगितलं, वडील म्हणाले पोरीच्या खाण्यापिण्याकडे लक्ष द्या. शिवाय पैठण गाडी सव्वासातला लागते म्हणाले. पहिल्या गावी सरपंच गाडीतच चढले. आवाज त्यांच्याकडे सगळ्यांत आधी यायचा, त्यामुळे त्यांच्याकडचे अण्णा सगळ्यांत लांबलचक बोलले होते. दुष्काळ सरेल, मुलीनं बदली मागू नये, हा भाग चांगला आहे, माणसं चांगली आहेत, आणि पहिल्या गावचे सरपंच तर फारच. कंडक्टर दोरी हातात धरून ते संपायची वाट बघत उभा राहिला. त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मी काय करणार होते? खोटं बोलताय म्हणावं, तर अंडी मांडीवर होती. अजून ऊनच होती. नगरच्या स्टँडवर पुण्याची गाडी दुसऱ्याच कुणीतरी पुकारली, फुंकर न मारता. मी तिथल्या बाकावर बसून खूप रडले.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा पुढे बरीच वर्षं जगले, त्यांनी माझी मुलंही खेळवली. पण गळ्याला भोक, तिथून श्वास, आणि आवाज नाही. फुंकर मात्र राहिली, ती गळ्यातून यायची.

आठवड्याभरानं ते उशाला टेकून बसायला लागले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. हवालदारांनी सांगितलेलं ते तुम्ही बोललात का? त्यांनी मान हलवली, नाही. दुकानदाराचं? नाही. सरपंचांचं सांगता सांगता मीच हसायला लागले, आणि अण्णांचं पोट हलायला लागलं. आवाज न करता हसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"मग तुम्ही काय बोललात, अण्णा? इतका वेळ बोलत होता. सांगा ना मला."

हसणं थांबलं. त्यांनी डावी मूठ कानाला लावली. उजवा हात उगारला, डोळे वटारले, आणि ओठ मोठमोठ्यानं हलवत तो हात खाली आपटला. मग परत. मग परत. गादीवर धप्, धप्. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मीही मूठ कानाला लावली आणि तोच हात तसाच खाली आपटून दाखवला, मीपण, अण्णा, मीपण तेच. आम्ही दोघं समोरासमोर बसून हात आपटत राहिलो, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला.

फोन ठेवा. माझ्या वडिलांनी स्वतःच्या आवाजात बोललेलं ते शेवटचं. तारेवर जे जे होते त्यांतल्या कुणीही तो ठेवला नाही. मीसुद्धा नाही, सगळं तुटल्यावरही मी तो कानाला धरूनच उभी होते, काकांनी सोडवून घेईपर्यंत.